उशिरा हाती आलेला कवी : गजानन माधव मुक्तिबोध

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दरेकसा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरेकशाचा घाट आणि बोगदा ओलांडून गाडी पुढे निघाली की थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते. बोरतलाव, पनियाजोब, डोंगरगड आणि मग राजनांदगाव. डोंगरगडला चंद्रगिरीच्या दर्शनासाठी जाणाऱ्यांना ही स्थानके पाठ आहेत. आज येथे दोन राज्यांची सीमा आहे; पण १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ती नव्हती. नागपूर, भंडारा आणि राजनांदगाव हे सारे तेव्हाच्या मध्य प्रदेशातच होते, आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात आले, राजनांदगाव पलीकडे राहिले आणि दरेकसा सीमेवरचे गाव झाले.

या सीमेला जेमतेम दोन वर्षे होत असताना, म्हणजे १९५८ साली, चाळिशी गाठलेले एक मराठी गृहस्थ नागपूर सोडून राजनांदगावला महाविद्यालयात हिंदीचे प्राध्यापक म्हणून गेले. नागपूर आणि राजनांदगाव यांना जोडणारा लोहमार्ग हाच. त्या गृहस्थांचे नाव गजानन माधव मुक्तिबोध. आज हिंदी कवितेचा इतिहास त्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे सरकत नाही. त्या वेळी मात्र त्यांच्या नावावर स्वतःच्या कवितांचा एकही संग्रह नव्हता.

त्यांनी कविता उशिरा लिहायला घेतली असे कोणी समजू नये. विशीत असल्यापासून ते कविता लिहीत होते. तथापि शिक्षक, पत्रकार, समीक्षक आणि साहित्याचा गाढा अभ्यासक म्हणूनच बहुतेकांनी त्यांना ओळखले. हयातीत पुस्तकरूपाने आले ते त्यांचे समीक्षालेखन आणि इतिहासाचे एक क्रमिक पुस्तक. कवी म्हणून ते वाचकांच्या हाती आले तेव्हा ते पाहायला स्वतः उरले नव्हते. कवीपण इतके उशिरा का यावे, आणि अखेर ते कोणाच्या हातांनी आले, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. त्या हातांपैकी दोन आपल्या समाजाला परिचित आहेत, आणि सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावर हा विषय घेण्यामागे तेही एक कारण आहे.

मुक्तिबोधांचे पूर्वज मूळचे खानदेशातील जळगावचे. पुढे हे घराणे ग्वाल्हेर संस्थानात गेले. वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंबाचे बिऱ्हाड हलत असे. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे गजाननरावांचा जन्म झाला. आई पार्वतीबाई बुंदेलखंडाच्या बाजूच्या. त्यांना प्रेमचंद आवडत आणि हरिभाऊ आपटेही आवडत. एकाच घरात दोन भाषा नांदत असल्या म्हणजे मुले कोणत्या वाटेने जातील हे सांगता येत नाही. थोरला भाऊ हिंदीत लिहू लागला. धाकटे शरच्चंद्र मराठीत आले, नागपुरात प्राध्यापक झाले आणि मराठीतील महत्त्वाचे कवी, कादंबरीकार व समीक्षक ठरले. शरच्चंद्रांचा 'नवी मळवाट' हा पहिला कवितासंग्रह १९४९ साली प्रसिद्ध झाला. थोरल्या भावाचा पहिला संग्रह यायला त्यानंतर पंधरा वर्षे जावी लागली. या सीमाभागात मराठी, हिंदी, छत्तीसगढी, पोवारी आणि गोंडी एकाच बाजारात कानी पडतात. तेथील श्रोत्यांना या दोन भावांचे नवल वाटणार नाही. पण इतरत्र ही गोष्ट आवर्जून सांगावी लागते.

इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून १९३८ साली पदवी घेतल्यावर मुक्तिबोधांनी शिक्षकी पत्करली. पुढच्याच वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध शांताबाईंशी विवाह केला. माळव्यातील लहान गावांतल्या शाळा, तुटपुंजे वेतन आणि पुन्हा नवी शाळा असे ते दिवस होते. शुजालपूर येथील शारदा शिक्षा सदनात त्यांना नेमिचंद्र जैन हे सहकारी म्हणून लाभले. नेमिचंद्रजींचा जन्म आग्र्याचा, १९१९ सालचा. म्हणजे मुक्तिबोधांहून ते दोन वर्षांनी लहान. पण मार्क्सच्या विचारांची ओळख, नव्या कवितेची चर्चा आणि जगातील घडामोडींचे वाचन या बाबतीत वयाने धाकटा असलेला हा मित्रच थोरल्याचा वाटाड्या झाला. दोघांची वाट पुढे वेगळी झाली. नेमिचंद्रजी 'इप्टा' या नाट्यचळवळीत गेले आणि कालांतराने दिल्लीत स्थायिक झाले. पत्रे मात्र मुक्तिबोधांच्या अखेरच्या आजारापर्यंत चालू राहिली.

त्याच काळात, १९४३ साली, अज्ञेय यांनी सात तरुण कवींच्या कविता एकत्र करून 'तार सप्तक' हे पुस्तक सिद्ध केले. हिंदीतील नव्या कवितेचा आरंभ येथून मानतात. या सातांत मुक्तिबोध होते, नेमिचंद्र जैन होते आणि प्रभाकर माचवे हे आणखी एक मराठी नाव होते. पंचविशीतल्या कवीला याहून चांगला आरंभ तो कोणता लाभावा? आता दोन-चार वर्षांत स्वतंत्र संग्रह येईल असे कोणालाही वाटले असते. तो एकवीस वर्षे आला नाही.

त्याची कारणे शोधताना पहिली दिसते ती अर्थातच पोटाची विवंचना. बनारस, जबलपूर आणि १९४८ पासून नागपूर. शाळा, वृत्तपत्र, सरकारी माहिती खाते, आकाशवाणी, आणि मग 'नया खून' नावाचे साप्ताहिक. संसार वाढत होता, कर्ज फिटत नव्हते. नागपुरात त्यांनी गिरणी कामगारांची वस्ती जवळून पाहिली. पस्तिशी उलटल्यावर नागपूर विद्यापीठातून त्यांनी हिंदीची एम.ए. पदवी घेतली. ज्या वयात लोक मुलांच्या परीक्षांची काळजी करतात त्या वयात स्वतः परीक्षेला बसावे लागले, कारण त्यावाचून महाविद्यालयातील नोकरी मिळण्यासारखी नव्हती.

दुसरे कारण त्यांच्या कवितेच्या जातीतच आहे. मुक्तिबोधांची कविता संपत नसे. एखादा प्रसंग, एखादी काळोखी वाट, एखादे पडके घर घेऊन ती सुरू होई आणि वाढत वाढत अनेक पानांची होई. वास्तवाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, एक ओढला की दुसरा येतो, तेव्हा कविता मध्येच कशी थांबवावी, अशी त्यांची अडचण होती आणि ती त्यांनी लिहूनही ठेवली आहे. मासिकाच्या संपादकाला पानभर कविता हवी असते. शिवाय एक खर्डा झाला की दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, आणि एका कवितेचा तुकडा दुसरीत जाऊन बसलेला. कागद साठत गेले, कविता पुरी झाली असे त्यांना स्वतःलाच वाटत नसे. हा दोष म्हणावा की निष्ठा, याविषयी मतभेद होऊ शकतील. प्रकाशनाच्या दृष्टीने पाहता तो दोषच होता.

तिसरे कारण त्यांच्यातील अभ्यासकाचे. जयशंकर प्रसाद यांचे 'कामायनी' हे महाकाव्य हिंदीत गौरवाचे शिखर मानले जाते. प्रलयानंतर उरलेला मनू, श्रद्धा आणि इडा यांची ती कथा. मुक्तिबोध बरीच वर्षे या एका काव्यापाशी थांबले आणि १९६१ साली 'कामायनी : एक पुनर्विचार' हा ग्रंथ आला. त्यांचे म्हणणे असे, की हा मनू पुराणातला नाही. तो प्रसादांच्या स्वतःच्या काळातला, आपल्याच कोषात रमणारा सुशिक्षित माणूस आहे, आणि पुराणकथा हा त्याच्यावर घातलेला स्वप्नासारखा पडदा आहे. अशा रचनेला ते 'फॅन्टसी' म्हणत. त्यांच्या स्वतःच्या कविता वाचल्या म्हणजे हा शोध कुठे कामी आला ते ध्यानात येते. त्याही स्वप्नासारख्याच आहेत. रात्री निघालेल्या मिरवणुका, भिंतीच्या पोपड्यांतून उमटणारे चेहरे, निर्जन विहिरी, आणि या साऱ्यांच्या आड आपल्याच शहराचे, आपल्याच काळाचे चित्र. दुसऱ्याच्या काव्याचा जो अभ्यास त्यांनी केला, त्यातून स्वतःच्या काव्याची रीत त्यांना स्पष्ट होत गेली. समीक्षक आणि कवी ही त्यांच्या बाबतीत दोन माणसे नव्हती. वेळ मात्र एकाच माणसाचा होता, आणि तो दोघांत वाटला गेला.

१९५८ साली ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले. संस्थानचे राजे दिग्विजयदास यांच्या वाड्यात हे महाविद्यालय नुकतेच, १९५७ साली सुरू झाले होते. दोन्ही बाजूंना राणीसागर आणि बुढासागर हे तलाव, मध्ये जुनी वास्तू, आणि तिच्याच एका भागात मुक्तिबोधांचे बिऱ्हाड. वर जाण्यासाठी गोल गोल फिरणारा जिना होता. 'सरस्वती' मासिकाचे एके काळचे संपादक पदुमलाल पुन्नालाल बख्शी हेही येथेच त्यांचे सहकारी होते. आयुष्यात प्रथमच ठरावीक वेतन, पुस्तके आणि लिहायला जागा असे तिन्ही एकत्र मिळाले. पुढील सहा वर्षांत त्यांच्या हातून जे लिहून झाले त्यावरच त्यांची आजची कीर्ती मुख्यतः उभी आहे. या वास्तूत आता त्यांचे स्मारक आहे. तेथे जाणारे तो जिना पाहतात आणि त्यांच्या कवितांमधील काळोखात उतरणाऱ्या पायऱ्या आठवतात.

त्या पायऱ्यांचा सर्वांत मोठा ठसा 'ब्रह्मराक्षस' या कवितेत आहे. गावाबाहेरची एक जुनी, ओसाड बारव. तिच्या तळाशी, काळ्या पाण्यात एक ब्रह्मराक्षस राहतो. आपल्याकडे समजूत अशी, की विद्या असून ती योग्य शिष्याला न देता मेलेला विद्वान ब्रह्मराक्षस होतो. हा जीव रात्रंदिवस अंग घासून मळ काढीत असतो आणि मळ काही जात नाही. जगातील सारी शास्त्रे, सारे तत्त्वज्ञ त्याला मुखोद्गत आहेत. तो मंत्र म्हणतो, भांडतो, नव्या व्याख्या करतो. पण बारवेत ऐकणारे कोणी नाही. स्वतःचाच आवाज भिंतीवर आपटून परत येतो. चांगले आणि त्याहून चांगले यांच्यातील झगड्यात तो पिसून गेला आहे. कवितेच्या शेवटी निवेदकाला त्याचा तिरस्कार वाटत नाही. आपण याचे शिष्य व्हावे आणि याचे अर्धे राहिलेले काम पुढे न्यावे, अशी त्याला ओढ लागते.

ही कविता वाचताना अनेकांना स्वतः मुक्तिबोध दिसतात. कवितेतल्या पात्राचा आणि कवीचा असा सरळ मेळ घालणे धोक्याचे असते, तरी येथे तो टाळता येत नाही. प्रचंड व्यासंग असलेला, कागदांचे ढीग साठवलेला, शब्दाशब्दावर पुन्हा पुन्हा हात फिरवणारा आणि ऐकणारा फारसा कोणी नसलेला हा माणूस स्वतःच्या भवितव्याला भीत होता. आपल्या समाजात हस्तलिखितांची भांडारे सांभाळणाऱ्यांना या भीतीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कारंजा, मूडबिद्री, जैसलमेर येथील कितीतरी ग्रंथ शतकानुशतके कुलूपबंद राहिले. वाचणारा भेटेपर्यंत ते ग्रंथ होते आणि नव्हतेही.

१९६२ साल त्यांना फार जड गेले. 'भारत : इतिहास और संस्कृति' हे त्यांनी शाळेसाठी लिहिलेले पुस्तक मध्य प्रदेश सरकारने त्या वर्षी सप्टेंबरात बंदी घालून मागे घेतले. ज्या पुस्तकाने संसाराला चार पैसे मिळतील अशी आशा होती तेच गेले, आणि त्याहीपेक्षा आपल्या लेखणीवर राज्याचा हात पडू शकतो हा धक्का मनात राहिला. 'अंधेरे में' या त्यांच्या दीर्घ कवितेवर ते याच सुमारास काम करीत होते. तिच्यात एक माणूस मध्यरात्री एका मिरवणुकीला सामोरा जातो. सैनिक, अधिकारी, व्यापारी, पत्रकार, कवी, शहरातला कुप्रसिद्ध गुंड, सारे एका रांगेत चालले आहेत, आणि दिवसा सभ्य दिसणाऱ्यांना या वेशात पाहणे हाच त्या माणसाचा गुन्हा ठरतो. पुढे लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त ठिबकताना दिसते. गांधीजी भेटतात आणि त्याच्या खांद्यावर एक मूल सोपवतात. नागपूरच्या रस्त्यांची छाया या कवितेवर आहे असे अभ्यासक मानतात. मराठी वाचकाने हिंदीतील एकच दीर्घ कविता वाचायची ठरवली तर ती हीच वाचावी.

फेब्रुवारी १९६४ मध्ये मुक्तिबोधांना पक्षाघाताचा झटका आला. प्रथम भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. तेव्हा कुठे हिंदीतले तरुण लेखक जागे झाले. हरिशंकर परसाई, श्रीकांत वर्मा, अशोक वाजपेयी आदींनी धावाधाव केली, पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्यापर्यंत शब्द गेला आणि त्यांना दिल्लीस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवण्यात आले. शुद्ध हरपली ती परत आली नाही. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, सत्तेचाळीस वर्षे पूर्ण होण्याच्या दोन महिने आधी, त्यांचे निधन झाले.

'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला. कवितांची जुळवाजुळव श्रीकांत वर्मा यांनी केली, शमशेर बहादुर सिंह यांनी दीर्घ प्रस्तावना लिहिली, आणि प्रकाशक होते भारतीय ज्ञानपीठ. 'एक साहित्यिक की डायरी' हे त्यांचे गद्य पुस्तकही ज्ञानपीठानेच त्या वर्षी काढले.

ज्ञानपीठाचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. साहू शांतिप्रसाद जैन आणि रमा जैन या दांपत्याने १९४४ साली ही संस्था स्थापन केली ती मुख्यतः प्राकृत, संस्कृत, अपभ्रंश यांतील दुर्मीळ ग्रंथ उजेडात आणण्यासाठी. मूर्तिदेवी ग्रंथमालेची संपादकीय धुरा डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी वाहिली. पैकी हिरालालजींनी आपल्या विदर्भात अमरावतीला आणि नागपूरला अध्यापन केले होते. पुढे आचार्य विद्यासागरजी महाराजांचे 'मूकमाटी' हे महाकाव्यही १९८८ साली येथूनच प्रसिद्ध झाले. जुन्या भांडारांतील पोथ्यांसाठी निघालेल्या या संस्थेने एका कम्युनिस्ट विचाराच्या, दरिद्री, बाजारात नाव नसलेल्या प्राध्यापकाच्या लांबलचक कविता छापल्या. मतांचा मेळ पाहून पुस्तके निवडली असती तर हे घडले नसते. हिंदी जगात या संग्रहाने जी खळबळ उडवली ती आजही पुरती शमलेली नाही. ज्यांनी मुक्तिबोधांना व्यासंगी प्राध्यापक म्हणून पाहिले होते त्यांना एका वर्षात आपल्या पिढीचा सर्वांत मोठा कवी निघून गेल्याचे कळले.

पण एका संग्रहाने सारे संपले नव्हते. राजनांदगावच्या घरातून निघालेल्या कागदांत कविता होत्या, कथा होत्या, निबंध होते, तुकडे होते. 'काठ का सपना' १९६७ साली आले, 'विपात्र' १९७० साली, 'सतह से उठता आदमी' १९७१ साली. या शेवटच्या पुस्तकाच्या नावानेच मणी कौल यांनी १९८० साली चित्रपट केला. 'भूरी-भूरी खाक धूल' हा दुसरा कवितासंग्रह १९८० चा, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. त्याच वर्षी 'मुक्तिबोध रचनावली' सहा खंडांत प्रसिद्ध झाली, आणि तिचे संपादक होते शुजालपूरचे ते जुने सहकारी, नेमिचंद्र जैन.

हे काम किती कष्टाचे असते याची कल्पना पोथ्यांचे पाठभेद ज्यांनी जुळवले आहेत त्यांनाच येईल. एकाच कवितेचे अनेक खर्डे, त्यांपैकी शेवटचा कोणता याची खूण नाही, बहुतेकांवर तारीख नाही, एकीचे पान दुसरीत मिसळलेले. नेमिचंद्रजींनी एकेका कवितेचा काळ ठरवण्याचा प्रयत्न केला आणि कवितांचे पहिले दोन खंड काळानुसार लावले. त्यासाठी कवितांचा अभ्यास तर लागलाच, पण मित्राचे आयुष्य, त्याच्या नोकऱ्या, त्याची बदलती मते हे सारे माहीत असावे लागले. १९८४ साली त्या दोघांचा पत्रव्यवहार 'पाया पत्र तुम्हारा' या नावाने पुस्तकरूपात आला. पैशाची चणचण, नोकरीची चौकशी, वाचलेल्या पुस्तकांची वर्णने, स्वतःच्या लेखनाविषयीच्या शंका, असे सारे त्यात आहे. उसने मागताना संकोचणारा आणि कवितेविषयी बोलताना तासन्‌तास न थांबणारा असा माणूस त्या पत्रांत भेटतो.

स्वतः नेमिचंद्रजी नाट्यसमीक्षक म्हणून देशभर मान्यता पावले. १९६५ साली त्यांनी 'नटरंग' हे रंगभूमीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. 'अधूरे साक्षात्कार' हा कादंबरीसमीक्षेचा ग्रंथ आणि 'रंगदर्शन' हा नाट्यविचाराचा ग्रंथ आजही अभ्यासले जातात. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००५ साली त्यांचे निधन झाले. मित्राच्या कवितांचे कागद लावण्यात इतकी वर्षे घालवणारा हा 'तार सप्तका'तील दुसरा कवी स्वतःच्या कवितांविषयी मात्र कमालीचा संथ होता. 'एकांत' हा त्यांचा पहिला स्वतंत्र संग्रह १९७३ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या आसपास आला. दुसरा, 'अचानक हम फिर', १९९९ साली. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते.